दाराबाहेरच्या चपला

"आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. आता तिचं कुणी कौतुक केलं की राग येतो. मुलगी म्हणून मी वाईटच आहे ना?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कधी आई नर्स असते, कधी चळवळीतली कार्यकर्ती. म्हणजे गावभर जिची माणसं असतात अशी आई. या वेळी ती कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात मराठीची प्राध्यापक होती, पीएच.डी.ची गाईड. लेक पस्तिशीची, पुण्यात बँकेत नोकरीला. (तिच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. विद्यार्थी स्मृतिग्रंथ काढत होते, त्यात लेकीचा लेख हवाच होता. "चारदा बसले लिहायला. 'ममतामयी'च्या पुढे पेन सरकत नाही."

पहिल्याच भेटीत मी माती खाल्ली. "तुम्हाला त्यांचा अभिमान वाटत असेल," असं बोलून गेले. तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि पुढची वीस मिनिटं बँकेतल्या बदल्यांबद्दल बोलत राहिली. तेराव्याला आलेली माणसं जे बोलून गेली, तेच मी पैसे घेऊन बोलले होते.

दुसऱ्या भेटीत एवढंच विचारलं, घरी शनिवार कसा जायचा?

"चपलांवर अवलंबून असायचं, ताई." शाळेतून आली की ती आधी दाराबाहेरच्या चपला मोजायची. दोन जोड असतील तर आत जायचं. पाच असतील तर मागच्या दारानं. पाच जोड म्हणजे जेवणाच्या टेबलावर प्रबंधाची प्रकरणं पसरलेली, पोह्यांच्या बश्या, आणि आई पेन्सिल घेऊन समासात लिहितेय : 'म्हणजे काय?' आईचा हा लाडका शेरा. कुणी 'स्त्रीची वेदना' लिहिलं की 'म्हणजे काय?' कुणी 'ग्रामीण जीवनाचे दाहक वास्तव' लिहिलं की दोनदा अधोरेखित करून 'म्हणजे काय?' लेकीच्या सहावीतल्या 'माझी आई' या निबंधातही 'माझी आई प्रेमळ आहे'च्या बाजूला तोच शेरा होता.

एकदा, आठवीत असताना, तिनं दारातूनच हाक मारली होती, "मॅडम, मला भूक लागलीय." विद्यार्थी हसले. आई उठली, पोळी-भाजी वाढली आणि काही न बोलता परत टेबलाशी जाऊन बसली. त्या न बोलण्याचं काय करायचं ते हिला अजून कळलेलं नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगते. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीनं पार करायचे, हे आता घरोघरी माहीत झालंय. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते 1969 साली मांडले, तेही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाचं ते वेळापत्रक नव्हे. 1996च्या सुमारास काही अभ्यासकांनी वेगळीच गोष्ट पुढे आणली. गेलेल्या माणसाशी नातं तोडून 'पुढे जायचं' नसतं, ते नातं रूप बदलून चालू राहतं. आणि नातं चालू असेल तर त्यातली भांडणंही चालू राहणारच, हे माझं मत.

"पण सव्वा वर्ष? हा आजार तर नाही?" तिनं विचारलं. प्रश्न रास्त होता. लांबलेल्या शोकाचा विकार खरंच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकी वर्गीकरणात मोठ्यांसाठी वर्षाची. पण निव्वळ कॅलेंडर बघून तो ठरत नाही. जवळजवळ रोज जिवाची ओढाताण होते का, माणूस गेलंय हेच पटत नाही का, नोकरी-घर-माणसं सुटत चाललीत का, हे बघावं लागतं. तसं असेल, किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं. हिची झोप ठीक होती, नोकरी चालू होती, मुलाची शाळा सांभाळत होती. तिला आजार नव्हता. वीस-पंचवीस वर्षांचा हिशोब तुंबला होता.

मी तिला लेखाचं विसरायला सांगितलं. आईच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचलेत का, विचारलं. नाही. 'शोधगंगा' या भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांच्या वेबसाइटवर प्रबंधाचे तुकडे करून वेगवेगळ्या फायली ठेवलेल्या असतात, ऋणनिर्देशाची फाईल बहुतेकदा वेगळी. तिनं रात्री मोबाईलवर आईच्या हाताखालच्या सात जणांचे ऋणनिर्देश काढून वाचले.

पुढच्या वेळी आली ती हसत. आणि हसता हसता रडायला लागली, चांगली दहा मिनिटं. सातांपैकी एकानं तिचाही उल्लेख केला होता : 'मॅडमचे चिरंजीव यांनी आमचा त्रास सहन केला.' चिरंजीव! अनुस्वार चुकला तर अख्खं पान परत पाठवणाऱ्या बाईच्या नजरेतून लेकीचा मुलगा झालेला सुटला कसा?

तिनं त्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता स्वतः प्राध्यापक. आधी पोटभर ओशाळला, मग म्हणाला, "मॅडम ते पान कधीच वाचत नव्हत्या. म्हणायच्या, ते तुमचं आहे, तिथे माझी पेन्सिल नाही." आणि मग विचारलं नसताना सांगून गेला, की पाच वाजले की त्या सगळ्यांना उठवायच्या. तरीही कुणी रेंगाळलं तर म्हणायच्या, "चपला घाला आता. माझी पोर मागच्या दारानं येते."

"म्हणजे तिला माहीत होतं," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. राग गेला असंही नाही. त्याच तासात ती म्हणालीच, "माहीत होतं, तर मग शनिवार बंद का नाही केला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तिच्याकडेही नव्हतं. तसंच राहू दिलं.

शेवटच्या भेटीला तिनं लेख आणला, दीड पानाचा. सुरुवात चपलांपासून. वाचताना मला दिसलं, की मधे एका ठिकाणी 'ममतामयी' हा शब्द आलाच होता. त्याच्या बाजूला समासात तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं, 'म्हणजे काय?', आणि शब्द खोडून वर बारीक अक्षरात : 'पोळी-भाजी वाढली.'