मांजरीचे केस गळणं हे पोटातल्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं का?

असू शकतं. एरवी मी या विषयावर बोलत नाही. पण मांजर ११ वर्षांची, पोटावरचे केस जातायत, महिनाभर मलम लावून फरक नाही, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमची चिंगी १३ वर्षांची होती, लालबागच्या चाळीतच जन्मलेली. मे महिन्यात तिचं पोट उघडं पडायला लागलं, मग मांड्यांची आतली बाजू. कातडी लाल नाही, फोड नाहीत, उलट तेलाचा हात फिरवल्यासारखी तुकतुकीत. केस नुसते चिमटीत धरले तरी मुळासकट हातात यायचे. पंजांच्या गाद्यांचे पापुद्रे निघत होते, जिना चढायचं ती टाळायला लागली. मांदेलीची पिशवी घरात आली की पायात घुटमळणारी मांजर, पुढ्यातल्या मांदेलीकडे बघेना.

ताई म्हणाली, तू दिवसभर ऑफिसात, ती एकटी पडते, टेन्शनने चाटून चाटून केस काढते. डॉक्टरांनीही बुरशी समजून तीन आठवडे मलम-गोळ्या दिल्या. शेवटी मीच हट्टाने सोनोग्राफी करायला लावली. स्वादुपिंडात गाठ, यकृतापर्यंत पसरलेली. पाच आठवड्यांत चिंगी गेली.

म्हाताऱ्या मांजरांत स्वादुपिंडाचा, कधी यकृताचा किंवा पित्तनलिकेचा कॅन्सर असा केसांतून दिसतो. गाठ आत असते, पण केसांची मुळं आक्रसतात. गाठ काढल्यावर केस परत आल्याची उदाहरणं आहेत, पण बहुतेकदा तोवर कॅन्सर पसरलेला असतो.

चाटून गेलेले केस तुटलेले असतात, हात फिरवला की खुंट लागतात. चिंगीच्या पोटावर एक खुंट नव्हता. शेवटी शेवटी ती चाटायचीही, पण केस त्याआधीच गेले होते. ताई दर गणपतीत तेच काढते. मी नोकरी करते म्हणून माझ्या मांजरीला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला नाही.

तुम्ही मलमं बदलत बसू नका. पोटाची सोनोग्राफी करा, डॉक्टर म्हणाले तर त्वचेचा तुकडाही तपासायला द्या. आणि हो, बहुतेक मांजरांचे केस पिसवा, ॲलर्जी नाहीतर बुरशीनेच जातात. तुमची नीट खात असेल, वजन टिकून असेल, तर तसलंच काही निघण्याची शक्यता जास्त. पण वजन आजच करा. चिंगी चार किलोवरून पावणेतीनवर आली होती, आणि मला ते कळलं सोनोग्राफीच्या दिवशी, तिला टेबलावर ठेवायला उचललं तेव्हा.