२००३ची मॅन्युअल पोर्शे बॉक्स्टर घेतली आहे. इंजिनातलं आयएमएस बेअरिंग (इंटरमीडिएट शाफ्ट या आतल्या फिरत्या दांड्याला आधार देणारं बेअरिंग) बिघडायच्या आधीच बदलावं का?

होय, बदला, पण क्लचचं काम निघेल तेव्हाच. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी एकदाच पडते. तुमच्या इंजिनात गोळ्यांच्या एकेरी रांगेचं बेअरिंग आहे आणि तेच जास्त बदनाम: अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात त्याचं बिघडण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के पुढे आलं, आधीच्या दुहेरी रांगेचं १ टक्क्याहून कमी. आकडा लहान दिसतो खरा, पण ते तुटलं की बहुतेक वेळा अख्खं इंजिनच जातं. मात्र आधी ऑइल फिल्टर उलगडून बघा. त्यात लोहचुंबकाला चिकटणारा चुरा सापडला तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही, इंजिनच खोलावं लागेल.