बाईकचा मागचा मडगार्ड काढावा काय? रोज जांबोटी ते बेळगाव ये-जा आहे

भावा, नवी 160 सीसीची गाडी, कॉलेजातल्या दोस्तांनी मागचा लोंबणारा मडगार्ड काढलाय, त्यांच्या गाड्या मागून एकदम स्पोर्टी दिसायलेत आणि आता तुला पण काढायचाय, असं तू विचारलंयस. तू जांबोटीचा आहेस म्हणूनच लिहायला बसलो. काढू नकोस. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस मी तुला काय सांगू, तूच त्यात भिजतोस.

मी हे 2019 ला केलंय. तेव्हा खानापुरातून रोज बेळगावच्या उद्यमबागला कामाला जायचो. मे महिन्यात दहाचा पाना घेतला, चार बोल्ट काढले, पंधरा मिनिटांत काम झालं. दिसायला लई भारी दिसत होती, खोटं कशाला बोलू. मग जून लागला आणि त्या वर्षीचा पाऊस कसा होता ते आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत आहे. एकदा शहापुरातल्या लग्नावरून आईला मागं बसवून घरी आणलं. उतरून बघतोय तर साडीवर कंबरेपासून मानेपर्यंत लाल चिखलाचा एकच पट्टा, आणि अंबाड्यात बारीक खडी अडकलेली. आई एक शब्द बोलली नाही, साडी बादलीत टाकली. तीन धुण्यात पण तो डाग गेला नाही बघ.

कसं होतंय, चाकाच्या मागच्या कडेवरून सुटलेला चिखल गाडीच्या मानानं सरळ वर उडतोय, म्हणजे नेमका मागं बसलेल्याच्या पाठीवर. चाकाच्या वरून जो सुटतोय तो पुढं फेकला जातोय, सीटखाली. म्हणून सीटखालचा आतला मडगार्ड तर चुकून पण काढायचा नाही, तिथं बॅटरी, वायरिंगचे कपलर (वायर जोडायचे प्लग), एअर फिल्टर, मोनोशॉक (मागचा एकच शॉकअप) सगळं त्याच्याच आडोशाला असतंय.

पण पाठ धुता येते, साडी पण दुसरी घेता येते. मला खरी भीती बसली ती मच्छेजवळ. संध्याकाळी सातची वेळ, बारीक पाऊस, मागचा दुधाचा टेम्पोवाला बाजूला येऊन ओरडला, "ए, ब्रेक मारल्यावर लाइट पेटंना झालाय की तुझा!" थांबून बघितलं तर लाइट पेटत होता, फक्त काचेवर चिखलाचा थर बसला होता. अंगठ्यानं पुसला तेव्हा तेवढ्याच जागेतून लाल उजेड आला, अंगठ्याएवढा. नंबर तर एकपण वाचता येत नव्हता. पिरनवाडी क्रॉसवरून तू रोज येतोस, गोव्याला जाणारे ट्रक तिथं कसे येतात ते तुला माहीत आहे, त्यांना तू दिसायलाच पाहिजेस रे. आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या बाईकवाल्याच्या हेल्मेटच्या काचेवर तुझाच चिखल उडणार, त्याला पुढचं दिसणार कसं?

कोणीतरी तुला सांगेल की मडगार्डमध्ये चिखल अडकून चाक जाम होतंय, तेव्हा काढलेलाच बरा. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या चिकट मातीत शेताच्या वाटेनं हे होतंय, पण तिथं पण जास्त त्रास पुढच्या चाकाला, कारण पुढचा मडगार्ड टायरला चिकटून असतोय. मागं लोंबणाऱ्या तुकड्याचा त्याच्याशी काय संबंध नाही.

कायद्याचं पण बघ. मोटार वाहन कायद्यात 2019 ला जी सुधारणा झाली त्यात नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला एका बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मागची नंबर प्लेट रात्री पांढऱ्या लाइटमध्ये 15 मीटरवरून वाचता आली पाहिजे, आणि ती प्लेट, तो लाइट, रिफ्लेक्टर हे बऱ्याच गाड्यांत त्याच तुकड्यावर असतंय. दोस्त लोक प्लेट वाकडी करून सीटखाली ढकलतात ते तर सरळ पकडून देणारंच काम. शिवाय एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं लॉक एकदाच बसतंय, खोलायला गेलास की तुटलं. साडीगार्ड काढायचा तर विषयच सोड, मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला पाहिजे असा नियमच आहे, आणि तो कुणाच्या तरी आई-बहिणीचा पदर चाकात जाऊन केलेला नियम आहे असं समज.

तरीपण मन ऐकत नसेल तर दिवाळी झाल्यावर, तुझ्या मॉडेलचा टेल टायडी, म्हणजे लोंबणाऱ्या मडगार्डच्या जागी बसणारा छोटा ब्रॅकेट, मिळतोय काय बघ, ज्यात प्लेटचा लाइट आणि रिफ्लेक्टर लावायला जागा असते, आणि त्याच्या जोडीला टायरवर हगर, म्हणजे टायरला लागून बसणारा छोटा मडगार्ड, बसव. वायर टेपनं गुंडाळू नकोस, कपलरच वापर, माझे इंडिकेटर टेपमध्ये पाणी जाऊनच बंद पडले होते. काढलेला ओरिजिनल मडगार्ड बोल्ट-वॉशरसकट पोत्यात बांधून माळ्यावर ठेव, मे संपायच्या आत परत बसवायचा आहे.

दहाचा पाना नसेल तर सांग, पिरनवाडीला भेटलास तर देतो.