दुसऱ्या मंगळवारची रात्र

नागपूर, बुधवार

प्रिय बेटा,

तू पाठवलेले तिन्ही मजकूर दोनदा वाचले. भाषा साफ आहे, माहितीही चुकीची नाही. तरी वाचून झाल्यावर कळेना, की हे सांगितलंय कोणाला. अमुक सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, त्यात एवढे बदल आहेत. बरं, मग? इतवारीत धान्याच्या गादीवर बसलेल्या मुनिमानं आज काय करायचं? तो माणूस तुझ्या लिखाणात कुठंच दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या बातम्या मराठीतून द्यायच्या त्या मुळात त्याच्यासाठीच ना? इंग्रजी वाचणाऱ्याला त्या आदल्या रात्रीच मिळालेल्या असतात.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. तेव्हा बर्डीवर माझं दुरुस्तीचं दुकान होतं आणि आठवड्याला एक सदरही लिहायचो. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. मी पाच ओळी लिहिल्या आणि शेवटी टाकलं, ‘लगेच घ्या.’ गांधीबागेतल्या एका कापड दुकानातल्या मुनीमजींनी ते वाचलं आणि १९ तारखेला रात्री शटर ओढण्याआधी ती आवृत्ती टाकली. जुना डेटा नव्या रचनेत बदलायचा का, असं स्क्रीनवर आलं. त्यांनी हो म्हटलं. पाऊण तास झाला तरी काही हलेना. कॉम्प्युटर अडकला असं समजून त्यांनी बटण दाबून बंद केला. सकाळी डेटा ना जुन्यात उघडे, ना नव्यात. तारीख २०, म्हणजे जीएसटीआर-३बी हा जीएसटीचा महिन्याचा रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप दहा दिवसांपूर्वीचा.

मी पोचलो तेव्हा मुनीमजी बिलबुकं पसरून दहा दिवसांच्या एंट्र्या पुन्हा करत होते. टेबलाच्या काचेखाली माझ्या सदराचं कात्रण होतं, ‘लगेच घ्या’ खाली निळ्या पेनची रेघ. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘भाऊ, तुम्हीच लिहिलं होतं ना?’ आम्ही दोघांनी मिळून एंट्र्या संपवल्या, रात्री दहाला रिटर्न गेला. घरी येऊन मी त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स, म्हणजे कंपनी नव्या आवृत्तीसोबत देते ती माहिती, पूर्ण वाचल्या. चौथ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: आधी बॅकअप घ्या, डेटा मोठा असेल तर काही तास लागतील, मध्येच बंद करू नका. मी पहिलं पान वाचून सदर लिहिलं होतं.

तेव्हापासून रिलीज नोट्स शेवटून वाचायची सवय लावून घेतली. नवीन काय आलं ते कंपनी वर मोठ्या अक्षरात सांगते. ‘माहीत असलेल्या अडचणी’ खाली असतात, आणि आपल्या वाचकाचं कामाचं असतं ते बहुतेक तिथंच.

दुसरं, आपलं कॅलेंडर समोर ठेव. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजसाठी सुरक्षेचे पॅच, म्हणजे दोष बुजवणारी ठिगळं, काढते. अमेरिकेत सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. दुसरा मंगळवार येतो ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. आणि दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या तपशिलाच्या रिटर्नची, तारीख आहे ११. म्हणजे पुष्कळदा इतवारीत घाई ऐन शिगेला असते तेव्हाच विंडोज रीस्टार्ट मागतं. हा हिशेब परदेशातला कुठलाही बातमीदार तुझ्या वाचकासाठी मांडणार नाही, तो तुलाच मांडायचा आहे. सेटिंग्जमध्ये ‘पॉज अपडेट्स’ असतं, त्यानं आठवडाभर थांबता येतं. आज थांबलं तर चालेल का, हे तू शोधून सांगायचंस. सॉफ्टवेअरमधल्या ज्या भगदाडातून चोर आधीच आत शिरत आहेत, त्याचा पॅच रिटर्नसाठीही थांबवायचा नसतो. असा गैरवापर सुरू असेल तर मायक्रोसॉफ्ट तसं नोंदवते. सर्ट-इन ही आपली सरकारी यंत्रणाही धोक्याची पातळी देऊन सूचना काढते. दोन्ही मूळ जागी जाऊन वाच, कोणी फॉरवर्ड केलेलं नको.

माझी गोष्ट ऐकून लोकांना अपडेटची भीती घालायला लागशील, तर मात्र घात होईल. १४ मार्च २०१७ ला विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा पॅच आला. तोही दुसरा मंगळवारच होता. त्याच भगदाडातून १२ मे रोजी वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. मध्ये ५९ दिवस होते. औषध तयार होतं, हजारो कॉम्प्युटरपर्यंत ते पोचलंच नव्हतं. तुझं काम या ५९ दिवसांतलं आहे, बेटा. बातमी एकदा देऊन सुटका नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावं लागतं, टाकला का?

१९ जुलै २०२४ आठवतो का? क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं विंडोजचे कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बंद पडले, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानं ८५ लाख. विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी मला सकाळपासून फोन: काका, सायबर हल्ला झालाय म्हणतात, कॉम्प्युटर चालू करू की नको? हल्ला नव्हता, आणि विंडोजचं अपडेटही नव्हतं. ज्या संस्थांनी ते एक सुरक्षा सॉफ्टवेअर बसवलं होतं, फक्त त्यांचेच कॉम्प्युटर बंद पडले होते. घरच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नव्हतं. म्हणून पहिल्या वाक्यातच सांग, हे कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही. तेवढं वाचून निम्मे लोक निवांत आपल्या कामाला लागतात, आणि लागू देत.

कधी कधी सल्ला उलटाही द्यावा लागतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं, की दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्यानं तो माग सोडला नाही आणि लिनक्सवर (विंडोजसारखीच ती दुसरी प्रणाली) सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या साधनात कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं. दोष ५.६.० आणि ५.६.१ या सर्वांत नव्या आवृत्त्यांत होता. त्या आठवड्यात बरोबर सल्ला होता, मागे जा. ‘नेहमी नवंच घ्या’ हे वाक्य पाठ करून ठेवलेल्यानं त्या दिवशी वाचकांना चोरदाराकडेच पाठवलं असतं.

भाषेचं थोडं. स्क्रीनवर जे दिसतं तेच शब्द लिही. ‘अद्ययावत करून पुनःप्रारंभ करा’ हे बटण कोणाच्याच कॉम्प्युटरवर नाही. तिथं ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ आहे, आणि शेजारीच ‘अपडेट अँड शट डाउन’. दोन्हींत काय फरक आहे ते सांग. लिहून झालं की कॉम्प्युटरसमोर बसलेल्या एखाद्या माणसाला फोन लाव आणि तुझा मजकूर वाचून दाखव. तो जिथं ‘कुठं आहे ते? मला नाही दिसत’ म्हणेल, तिथं एक वाक्य कमी आहे. मी हे माझ्या बहिणीवर करायचो. ती धरमपेठेत शाळेच्या ऑफिसात होती आणि न दिसलेलं दिसलं असं कधीच म्हणायची नाही.

चूक झाली तर गुपचूप पुसू नकोस. वर तारीख आणि वेळ घालून लिही: काल असं सांगितलं होतं, ते चुकलं, ज्यांनी तसं केलं असेल त्यांनी आता हे करावं. शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच राहून जातो. सॉफ्टवेअर कंपनीनं फुकट लायसन्स देऊ केलं तर घेऊ नकोस, याच्यावर जास्त बोलत नाही.

पुढच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री दहाला घरी ये. पॅच आले की दोघं बसून शेवटून वाचू. बुधवारी सकाळी दुकानं उघडायच्या वेळी गांधीबागेत जाऊ. मुनीमजी अजून तिथंच बसतात, आणि आता रोज रात्री बॅकअप घेतात. तुझा मजकूर आधी त्यांना वाचून दाखव.

तुझा,
काका