डॉक्टरी इंग्रजीत ग्रीक आणि लॅटिन शब्दांचा एवढा भरणा का?

कारण युरोपातलं वैद्यक आधी ग्रीकमध्ये लिहिलं गेलं. प्राचीन वैद्य हिपोक्रॅटिस ग्रीक, रोममध्ये नाव काढलेला वैद्य गॅलेनही ग्रीकमध्येच लिहायचा. पुढे त्यातलं बरंचसं अरबीतून लॅटिनमध्ये आलं आणि विद्यापीठांत लॅटिन रुजली. विल्यम हार्वे इंग्रज, तरी रक्ताभिसरणावरचं १६२८ चं पुस्तक त्याने लॅटिनमध्ये लिहिलं! म्हणूनच ढोबळमानाने अवयवांची नावं लॅटिन आणि रोगांची ग्रीक. मूत्रपिंडाची धमनी 'रीनल' (लॅटिन), पण मूत्रपिंडाला सूज आली की 'नेफ्रायटिस' (ग्रीक). मला हा दुहेरी कारभार फार आवडतो, कारण एकदा मूळ कळलं की पाठांतर निम्मं होतं. नवे शब्दही याच साच्यातले: फ्रेंच डॉक्टर लेनेकने १८१६ मध्ये बनवलेल्या, छातीतले आवाज ऐकायच्या नळीला 'स्टेथोस्कोप' म्हटलं, त्यातलं ग्रीक 'स्टेथोस' म्हणजे छाती.