नुकताच नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालेली बहीण आठ दिवसांत नोकरी सोडते म्हणते. नव्या नर्सला शिकवायची काही पद्धत असते का?

तुम्ही लिहिलंय, बहीण लातूरला खासगी दवाखान्यात लागली, तिसऱ्याच दिवशी तिला एकटीला नाईट लावली आणि आता ती रोज रडत घरी येते. पद्धत असते. पाळतात कमी.

मी 2008 साली बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात लागले. दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांना इन्सुलिन द्यायचं होतं, 20 युनिट. बाटली नातेवाइकांनी बाहेरून आणलेली. मी ट्रॉलीवरची लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. आजोबांची सून म्हणाली, "सिस्टर, आमच्या बाटलीला केशरी टोपणाची लागती." बाटलीवर 100 लिहिलेलं होतं, म्हणजे एका मिलीत 100 युनिट, आणि लाल सिरिंज असते एका मिलीत 40 युनिटवाल्या बाटलीसाठी. म्हणजे माझ्या हातात 20 नाही, 50 युनिट होते. आजोबा पहाटे उठलेच नसते कदाचित.

इन्चार्ज सिस्टरनी भर वॉर्डात माझी खरडपट्टी काढली. त्याच महिन्यात बदलून आलेल्या मेट्रनबाईंनी, म्हणजे सगळ्या नर्सच्या मुख्य बाईंनी, मात्र मला ऑफिसात बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, "माय, काय काय हातात घेतलंस ते पहिल्यापासून सांग." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या ट्रॉलीवर एक पुठ्ठा लटकला होता: दोन रिकाम्या सिरिंज, लाल आणि केशरी, प्रत्येकीखाली तिची बाटली चिकटवलेली.

मग बाईंनी नियमच केला. नव्या मुलीला पहिला महिना स्वतःचे पेशंट द्यायचे नाहीत, एका ठरलेल्या सीनियरच्याच ड्युटीला तिची ड्युटी लावायची. दीड महिना नाईट नाही. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती, टेबलावर बसून घ्यायचा नाही, प्रत्येक खाटेपाशी उभं राहून घ्यायचा; सलाईन, लघवीची पिशवी, ड्रेसिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. सीनियर कुरकुरल्याच, स्टाफ आधीच कमी, त्यात हे लेकरू गळ्यात! बाईंनी काय केलं, जी शिकवेल तिच्या महिन्यातल्या दोन नाईट कमी केल्या. नंतर शिकवायला भांडणं व्हायची. माझ्या मते बाईंची खरी हुशारी इथं होती, पुठ्ठा काय कुणीही लावेल.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत मार्लिन क्रेमर यांनी 1974 सालीच त्याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटलं: कॉलेजात शिकवलेलं काम आणि वॉर्डात चालणारं काम यांतली दरी दिसली की नव्या नर्सला बसणारा धक्का. पुढं पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या तिसऱ्या, 'सक्षम' या पायरीवर यायला एकाच प्रकारच्या कामाची 2-3 वर्षं धरलीत. तुमच्या बहिणीला तीन दिवस मिळाले.

तिला सांगा, मेट्रनकडं तोंडी नाही, लेखी अर्ज द्यायचा: महिनाभर सीनियरसोबत ड्युटी मिळावी. खिशात छोटी वही ठेवायची, अडलेलं लिहायचं, ओव्हरच्या वेळी विचारायचं. दोनदा विचारलं तर कुणी हसेल, हसू द्या. अर्ज देऊनही आयसीयूत एकटीलाच नाईट लावत असतील, तर खुशाल सोडा. तिथं काही चुकलं तर तिचंच नाव पुढं येईल.

आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन द्या. 500 मिलीची सलाईन 8 तासांत द्यायची, तर 20 थेंबांना एक मिली पडणाऱ्या सेटवर मिनिटाला 21 थेंब मोजावे लागतात. मोबाईल बघून मोजले की नातेवाईक म्हणतात, सिस्टर नुसत्या मोबाईलवर बसल्यात.