काउंटरची टिकटिक आणि झऱ्याचं पाणी

भाऊ, नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरच्या गरम झऱ्याचं पाणी बाटलीत आणून तुम्ही त्याला गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) लावला, मिनिटाला 22 टिकटिक आल्या आणि घाबरलात. बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून रिकाम्या टेबलावर दहा मिनिटं मोजा. सरासरी जवळपास तेवढीच येईल. ती भिंतीची, जमिनीची आणि आकाशातून येणाऱ्या किरणांची टिकटिक आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अल्फाची (अणू फुटताना निघणाऱ्या जड कणांची) मर्यादा लिटरला 0.1 बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन), म्हणजे अख्ख्या लिटरमध्ये मिनिटाला फक्त सहा विघटनं. त्यात अल्फा कण पाण्यात केसाच्या जाडीच्या आतच थांबतो, बाटलीबाहेर येणार कुठून? म्हणून लॅबमध्ये पाणी मंद आचेवर आटवून तळाला उरलेला पांढरा थर मोजतात. आपल्याकडच्या बोअरसारखं जड, म्हणजे क्षारांचं पाणी असलं की थर जाड बसतो, अल्फा त्यातच अडकतात आणि आकडा उगाच कमी दिसतो. तेव्हा कमी पाणी आटवायचं, हे लॅबला आधीच सांगा.

बीटा (अणूतून निघणारे हलके इलेक्ट्रॉन) जास्त आला तर पोटॅशियमही तपासून घ्या. नैसर्गिक पोटॅशियम-40 चा वाटा वजा केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

गरम झऱ्यात खरं बघायचं ते रेडॉन. किरणोत्सर्गी वायूच तो, पाणी बादलीत ओतलं की उडतो. बाटली पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरा, बुडबुडा न ठेवता तिथेच झाकण लावा, वेळ लिहा. अर्धायुष्य 3.8 दिवस, म्हणजे तेवढ्यात निम्मा संपतो. माझा एक नमुना लग्नसराईत आठ दिवस पिशवीतच राहिला. चौथा हिस्साही उरला नसणार, फेकून दिला.

माणसाने बनवलेले किरणोत्सर्गी पदार्थ म्हणाल तर सीझियम-137 त्याच्या गॅमा किरणांच्या 662 केईव्ही या ठरावीक ऊर्जेवरून ओळखू येतो. ट्रिटियमचा (किरणोत्सर्गी हायड्रोजनचा) बीटा इतका दुबळा की पाणी चमकणाऱ्या द्रवात मिसळून अंधारात मोजावं लागतं. ट्रिटियम थोडा निसर्गातही बनतो, पण 1950-60 च्या अणुचाचण्यांनी पावसात भरपूर मिसळला. पाणी जमिनीत किती जुनं आहे हे काढायला तो कामाचा. तुमची शंका पिण्याबद्दल असेल तर यावर पैसे घालू नका.

त्याऐवजी युरेनियम तपासा. मराठवाड्याचा बहुतेक खडक बेसॉल्ट, त्यात युरेनियम थोडंच. पण नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय भागात, देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो, तिथे जास्त असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम, आणि तीही किरणांमुळे नाही, मूत्रपिंडावरच्या रासायनिक परिणामामुळे. युरेनियमच्या बाटलीत मात्र नायट्रिक आम्ल टाकून न्या, नाहीतर युरेनियम भिंतीला चिकटतं. रेडॉनच्या बाटलीत टाकू नका.